‘टेक माय लाइफ’: चाल कुठली, श्वास कुठे घ्यायचा, मराठी शब्द कसे बसवायचे?

प्रश्न (आल्टो_दुसरी_रांग)
फ्रान्सिस रिडली हॅवरगल बाईंचं ‘टेक माय लाइफ अँड लेट इट बी’ हे इंग्रजी ख्रिस्ती गीत उपासनेत गायचं आहे. एका वहीत ‘पॅटमॉस’ चाल आहे, दुसरीत ‘हेंडन’. कडवी कुठे ४, कुठे ६. कुठलं धरावं? पहिल्या ओळीपाशी दर वेळी अर्थ तुटतो, तो का? आणि एखादं कडवं मराठीत बसेल का?

पेटी_आणि_ऑर्गन
‘पॅटमॉस’ घ्या. ही चाल बाईंच्या वडिलांची, विल्यम हेन्री हॅवरगल यांची. ते १८७० साली वारले, गीत फेब्रुवारी १८७४ चं, आणि बाईंना ते याच चालीवर हवं असे. ‘हेंडन’ जिनिव्हाच्या सेझार मालाँ यांची, १८२७ ची. गोड आहे, पण तिच्यात कडव्याची शेवटची ओळ दोनदा येते. २४ ओळींच्या ३० होतात. शिवाय हात-पाय, कंठ-ओठ अशा जोड्यांत दुसऱ्याच वस्तूवर उगाच भार पडतो.

अर्थ तुटतो तो श्वासामुळे. ‘लेट इट बी’पाशी ओळ संपते, वाक्य नाही. तिथे थांबलं की ‘असू दे’ एवढंच ऐकू येतं. ‘लाइफ’नंतर चोरटा श्वास घ्या आणि ‘बी’चा लांब स्वर न सोडता पुढच्या ओळीतल्या ‘कॉन्सिक्रेटेड’ला (म्हणजे ‘समर्पित’) जोडा. वाजवणाऱ्याने तिथे हात उचलला की अख्खा वृंद श्वास घेतो, म्हणून आधी त्याला सांगा. हात, पाय आणि बुद्धीच्या ओळींतही हेच होतं.

जुनी_गीतवही
चालीबद्दल सहमत. कडवी मात्र ६ च्या ६ गा. मुळात या १२ जोडओळी आहेत. इंग्लंडच्या वूस्टरशरमधल्या आर्ली हाउसमध्ये बाई ५ दिवस राहिल्या, घरात १० माणसं होती आणि सगळ्यांसाठी त्यांनी प्रार्थना केली होती. शेवटच्या रात्री आनंदाने झोप लागेना, तेव्हा या ओळी एकीमागून एक जुळत गेल्या. म्हणून मधलं कडवं गाळलं की पायरी निखळते.

वेळ वाचवायला सोन्या-चांदीचं कडवं तर मुळीच गाळू नका. तिथला ‘माइट’ म्हणजे शुभवर्तमानातल्या गरीब विधवेची दमडी. ऑगस्ट १८७८ मध्ये बाईंनी जवळपास ५० दागिने, दागिन्यांच्या पेटीसकट, चर्च मिशनरी सोसायटीला देऊन टाकले. आईवडिलांची आठवण म्हणून रोजच्या वापरातला एक ब्रोच आणि वारलेल्या भाचीचं चित्र असलेलं लॉकेट तेवढं ठेवलं. पुढच्या वर्षी ३ जूनला त्या गेल्या, वयाच्या ४२ व्या वर्षी.

मात्रा_मोजणारा
मराठीचं सांगतो. ओळीत ७ स्वर आहेत. आघात १, ३, ५, ७ वर, आणि शेवटचा स्वर लांब. ‘घे माझे हे जीवन’ कागदावर ७ अक्षरं भरतं, पण लांबवायचा स्वर ‘न’वर येतो आणि ‘जीवनऽऽ’ असं रडकं ऐकू येतं. ‘जीवन माझे घे प्रभो’ करून पाहा. ‘वन’ एकाच स्वरात घ्या. आघात जी, मा, घे, भो असे पडतात आणि ‘भो’ हवा तितका लांबतो. शेवटचं अक्षर दीर्घ हवं, हे आधी ठरवा, मग यमक शोधा. जोडाक्षरं आघाताच्या जागी टाळा, नाहीतर १५ जण १५ वेळी उच्चारतात.