जिनिंगच्या सर्व्हरला दोन लॅनकार्ड: बाँडिंग करायचं की नाही?

काळी_माती:
कापसाच्या जिनिंगचं ऑफिस, १४ संगणक, लिनक्स सर्व्हरला १ गिगाबिटची दोन पोर्ट, मधे एकच साधा १६ पोर्टचा स्विच. वजनकाट्याची केबल ७० मीटर लांब, उघड्यावरून. हंगामात गाड्यांची रांग असते, नेटवर्क बसलं की काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, निघत नाही. माझं मत ठाम आहे: बाँडिंग करावं, म्हणजे दोन्ही पोर्ट मिळून एकच जोडणी, आणि त्यात मोड ० लावावा, म्हणजे डेटाचे तुकडे (पॅकेट) आळीपाळीनं दोन्हीवरून जातात. वेग दुप्पट, वर एक तार तुटली तरी काम सुरू.

लिंकलाइट:
भाऊ, मोड ० साध्या स्विचवर लावूच नका. दोन्ही पोर्टवरून एकच मॅक पत्ता, म्हणजे लॅनकार्डची ओळख, बाहेर पडतो. स्विचला तो घडीत ३ नंबरला दिसतो, घडीत ४ ला. पॅकेट मागेपुढे पोचतात, टीसीपी (डेटा नीट पोचवणारी पद्धत) ती पुन्हा मागवतो आणि वेग उलट पडतो. एलएसीपी, म्हणजे स्विचशी ठरवून तारा एकत्र करणारा मोड ४ लावला तरी एका संगणकाची एक फाइल एकाच तारेवरून जाते. तिला १ गिगाबिटच्या वर मिळत नाही. फायदा होतो तो बरेच जण एकदम काम करतात तेव्हा. त्यालाही मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा स्विच लागतो.

पऱ्हाटी:
माझा तर बाँडिंगलाच विरोध आहे. दोन तारा एकाच स्विचमध्ये गेल्या आणि त्याचा अडॅप्टर जळला, तर दोन्ही मेल्या. काटापट्टी म्हणजे काही केबीचा मजकूर, त्याला वेग कशाला हवा? खरा धोका त्या ७० मीटरच्या तांब्याच्या तारेत आहे. मृगाच्या तोंडाशी वीज जवळपास जरी पडली तरी तारेत दाब चढतो आणि दोन्ही टोकांची पोर्ट जळतात. तिथं फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी. फायबर बिनधातूचं घ्या, पोलादी कवच असलेलं नको. उरलेल्या पैशात स्विच आणि कन्व्हर्टर यूपीएसवर घ्या. हे आधी.

लिंकलाइट:
फायबर आधी, हे शंभर टक्के मान्य. पण बाँडिंग सोडून देणं पटत नाही. दुसरा साधा स्विच आणा. सर्व्हरची एक तार पहिल्यात, एक दुसऱ्यात, आणि दोन्ही स्विच आपसात एकाच तारेनं जोडा. दुसरी तार लावली तर लूप होऊन सगळंच बसेल. मोड १, ऍक्टिव्ह-बॅकअप. यात एका वेळी एकच पोर्ट बोलतं, म्हणून स्विचमध्ये काहीच सेटिंग लागत नाही. मिमॉन १०० ठेवा, म्हणजे दर १०० मिलिसेकंदाला लिंक तपासली जाते. लाइन येते-जाते तिथं अपडिलेही द्या, म्हणजे लिंक परत आली तरी ते पोर्ट वापरण्याआधी थांबायची वेळ. मॅनेज्ड स्विच असेल तर ३०००० मिलिसेकंद, कारण लिंकचा दिवा लागतो तरी लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री बराच वेळ पॅकेट पुढं सोडत नाही.

पऱ्हाटी:
आणि स्विच हँग झाला, पण दिवा पेटलेलाच राहिला तर? मिमॉनला सगळं ठीकच दिसणार.

लिंकलाइट:
बरोबर, मिमॉनची हीच उणीव. तिथं मिमॉन बंद करून एआरपी तपासणी लावायची, म्हणजे दर १००० मिलिसेकंदाला ठरावीक यंत्रांना हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. लक्ष्य म्हणून कायम चालू असणारी दोन यंत्रं द्या, राउटर आणि प्रिंटर चालतील. एकच दिलं आणि ते बंद पडलं, तर बाँडला दोन्ही पोर्ट मेलेली वाटू शकतात. अपडिले मात्र मिमॉनसोबतच चालतो, तेव्हा दोहोंपैकी एक निवडावं लागेल.

पऱ्हाटी:
तरी पहिल्या स्विचवरचे सात संगणक बंदच राहणार ना?

लिंकलाइट:
ते राहणार. म्हणून काट्याचं फायबर एका स्विचला आणि काट्याची नोंद घेऊ शकेल असा ऑफिसातला संगणक दुसऱ्याला लावा. तपासताना सर्व्हरची तार उपसून थांबू नका, पिंग (सर्व्हरचं उत्तर येतं का ते सतत बघणारी आज्ञा) चालू ठेवून एकेका स्विचची वीज काढून बघा.

काळी_माती:
मोड ० चा हट्ट सोडला. फायबर, दुसरा स्विच, मग मोड १, या क्रमानं. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेच्या आधी उरकतो.