मदत हवी आहे: सुशीलकुमार शिंदेंचे कोर्टातले दिवस

मंडळी, पुतणी लॉ कॉलेजला आहे, तिला कायदा शिकून राजकारणात गेलेल्या माणसावर प्रोजेक्ट करायचाय आणि तिनं आपले सुशीलकुमार शिंदे घेतलेत. २००३ ला मुख्यमंत्री, मग आंध्रचे राज्यपाल, २०१२ ला केंद्रात गृहमंत्री, हे सगळीकडं मिळतंय ओ, पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. आपल्याच सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग मुंबईत पोलीस सबइन्स्पेक्टर, कायद्याची डिग्री, आणि १९७४ ला करमाळ्यातून आमदार! आजोबांच्या ट्रंकेत त्या निवडणुकीचं पिवळं पडलेलं पत्रक सापडलं, घडीवर फाटलंय, अर्धी अक्षरं गेलीत. कुणाकडं जुनी कात्रणं, फोटो असतील किंवा त्या काळी कोर्टात असलेलं कुणी माहीत असेल तर प्लीज सांगा, मी स्वतः घरी येऊन बघतो.