मदत हवी आहे: स्मार्ट होमचा हब बाजारात नाही, कंपनीचं पुढचं काही कळत नाही

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातलं जुनं दुमजली घर, विटांच्या दीड फुटी भिंती. एका परदेशी कंपनीच्या हबवर (सगळी स्मार्ट उपकरणं जोडून चालवणारा डबा) ३४ उपकरणं आहेत: स्विचबोर्डामागे बसवलेले १४ झिग्बी (एक बिनतारी पद्धत) मॉड्यूल, म्हणजे चालू-बंद करणारे छोटे रिले, ६ हालचालीचे आणि ५ दारांचे सेन्सर, ४ प्लग, टाकीजवळ गळतीचे २ सेन्सर आणि अमेरिकेहून आलेली ३ झेड-वेव्ह (झिग्बीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) उपकरणं. एका मॉड्यूलवर गीझर, एकावर पाण्याची मोटार.

हब दर तीन-चार दिवसांनी ऑफलाइन जातो. बदली हब सगळीकडे 'स्टॉक नाही'. एकाकडे आहे, तो दुप्पट किंमत सांगतो. कंपनी पुढे हब बनवणार की नाही यावर स्पष्ट उत्तर नाही. दुप्पट पैसे घालावेत का? दुसरीकडे जायचं तर जुनी उपकरणं चालतील का? आणि त्यासाठी नक्की काय काय घ्यावं लागेल?

रेडिओलहर

दुप्पट पैसे घालू नका. अगोदर अडॅप्टर तपासा. हब २४ तास चालू, अडॅप्टर उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत तापतो, आतले कपॅसिटर थकतात आणि लोड आला की व्होल्टेज खाली बसतं. मग हब अर्धवट बंद पडून पुन्हा उठतो आणि आपल्याला वाटतं की सर्व्हर गेला. हब ५ व्होल्टचा असेल तर अडॅप्टर आणि हबच्या मधे यूएसबी मीटर लावून हब चालू असताना आकडा बघा. ४.७५ च्या खाली असेल तर त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावा.

पण हब सुधारला तरी स्थलांतराची तयारी सुरू करा, कारण तुमची खरी अडचण क्लाउड, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असणं, ही आहे. असेच स्मार्ट होमचे परदेशी ब्रँड बघा: रिव्हॉल्व्हचे हब मे २०१६ मध्ये बंद झाले, आयरिस ३१ मार्च २०१९ ला. विंकने २०२० मध्ये मासिक वर्गणी सक्तीची केली. इनस्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचना न देता बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले ते ग्राहकांपैकीच काहींनी कंपनी विकत घेतल्यावर. हार्डवेअर धडधाकट, तरी लोकांची घरं अडली.

अ‍ॅप चालू आहे तोवर तीन कामं उरकून घ्या. प्रत्येक ऑटोमेशनचे स्क्रीनशॉट काढा. उपकरणांची प्रलंबित फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून टाका, नंतर ती फाइल कुठून मिळेल याचा भरवसा नाही. आणि कोणतं मॉड्यूल कोणत्या बोर्डामागे आहे ते वहीत लिहा, मॉडेल नंबरासकट.

जोडणीकार

उपकरणांचं सांगतो. झिग्बी जगभर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, त्यामुळे तुमची ३१ झिग्बी उपकरणं फेकायची गरज नाही. मॉडेल नंबर झिग्बी-टू-एमक्यूटीटीच्या (वेगवेगळ्या कंपन्यांची झिग्बी उपकरणं संगणकाला जोडणारं सॉफ्टवेअर) यादीत शोधा. सापडला तर निर्धास्त व्हा.

झेड-वेव्हचं तसं नाही. भारतातली वारंवारता ८६५.२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेतली ९०८.४२. भारतीय स्टिक (संगणकाला लावायचा झेड-वेव्ह रेडिओ) घेतलीत तर ती तीन उपकरणं तिच्याशी बोलणारच नाहीत. अमेरिकन स्टिक आणली तर बोलतील, पण आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला नाही. तिघांच्या जागी झिग्बी घ्या आणि मोकळे व्हा. नवी खरेदी मॅटरची (सगळ्या कंपन्यांसाठीचं सामाईक मानक) करायची असेल तर खोक्यावर 'थ्रेड' (आणखी एक बिनतारी पद्धत) आहे का बघा, असल्यास थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटरही लागेल. जुनी झिग्बी उपकरणं आपोआप मॅटरची होत नाहीत.

मेशवाला

यंत्राबद्दल. हबच्या जागी होम असिस्टंट टाका, हे स्मार्ट घर चालवणारं सॉफ्टवेअर आहे. प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, कोड खुला आहे आणि २०२४ पासून त्याची मालकी ओपन होम फाउंडेशनकडे आहे. सगळं घरातच चालतं, इंटरनेट गेलं तरी दिवे लागतात.

ते चालवायला जुना ऑफिसातला मिनी पीसी पुरतो: सहाव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय चालू, सिक्युअर बूट बंद. तिथेच वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर तुम्ही गावाला असताना वीज जाऊन आली की यंत्र बंदच राहील. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घेतलात तर एसडी कार्डावर ठेवू नका. सतत लिहिण्याने आणि मधेच वीज गेल्याने कार्ड खराब होतं. मिनी पीसी, वायफाय राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

झिग्बीसाठी यूएसबी डोंगल, म्हणजे उपकरणांशी बोलणारा रेडिओ. सीसी२६५२पी किंवा ईएफआर३२एमजी२१ चिपचं कुठलंही चालेल. जुनं सीसी२५३१ टाळा, त्याला थेट जोडलेली वीसेक उपकरणंच झेपतात. डोंगल पीसीच्या पाठीत थेट खोचू नका. यूएसबी ३ चा पोर्ट आणि त्यावरची डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतात. एक मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या, यूएसबी २ च्या पोर्टात लावा, डोंगल भिंतीपासून आणि राउटरपासून दूर उभं ठेवा. 'झिग्बी चालतच नाही' अशा तक्रारींचं सगळ्यात साधं कारण हेच असतं.

पहिलं उपकरण जोडण्यापूर्वीच झिग्बीचा चॅनल २५ ठरवा. नंतर बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. वायफायचा २.४ चा चॅनल १ किंवा ६ वर पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

करेलीबागकर

एक भर. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात बडोद्याच्या सखल भागांत तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. मिनी पीसी आणि डोंगल पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ ठेवा. तिथून दोन्ही मजल्यांना रेंजही बरी मिळते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. मीटरवर ४.५८ दिसतंय. अडॅप्टर बदलतो आणि दुप्पट किमतीच्या हबचा विचार सोडून देतो. आता ३१ उपकरणं एकदम हलवायची की थोडी थोडी? आणि मोटार-गीझरची भीती वाटते.

जोडणीकार

थोडी थोडी. जुना हब आणि होम असिस्टंट शेजारी-शेजारी चालू द्या. एक उपकरण एका वेळी एकाच जाळ्यात राहतं, म्हणून जे हलवाल ते जुन्या अ‍ॅपमधून आधी काढायचं.

क्रम चुकवू नका. आधी विजेवर चालणारी. डोंगलच्या सर्वात जवळचा प्लग, मग त्यापुढचा, मग स्विचबोर्डातली मॉड्यूल, असं आतून बाहेर. हीच सिग्नल पुढे ढकलतात; मात्र न्यूट्रल वायरशिवाय बसवलेली मॉड्यूल बहुतेक वेळा हे काम करत नाहीत, त्यांना मोजू नका. तुमच्या दीड फुटी भिंतींत दर दोन खोल्यांमागे असं एक उपकरण हवंच. चारपैकी एक प्लग जिन्यात कायम चालू ठेवा आणि 'याला हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. तो बंद झाला तर वरच्या मजल्यावरचे सेन्सर हरवतील.

बॅटरीवरचे सेन्सर शेवटी आणि जिथे बसणार तिथेच जोडा. टेबलावर जोडून मग दाराला नेलं तर काही सेन्सर जुन्याच मार्गाला चिकटून राहतात आणि काही तासांनी गायब होतात. हरवले तर जागेवर परत जोडा.

मॉड्यूल रीसेट करायला बहुतेक वेळा बोर्ड उघडावा लागत नाही, भिंतीवरचं बटण ठराविक वेळा चालू-बंद केलं की पुरतं. किती वेळा ते मॉडेलवर अवलंबून. उघडावाच लागला तर आधी एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा.

रेडिओलहर

मोटार आणि गीझर.

२००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३. दहा अँपिअरच्या मॉड्यूलवर गीझर असेल तर तो आजच काढा. १६ अँपिअरचं मॉड्यूल लावा, किंवा लहान मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा रिले) चालवा आणि लोड कॉन्टॅक्टरवर घ्या.

मोटारीला कॉन्टॅक्टरच हवा. एक एचपीची मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि छोट्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. चिकटले की अ‍ॅप 'बंद' दाखवतं आणि मोटार चालूच राहते. खालची टाकी कोरडी पडली की मोटार जळते.

मोटार बंद करण्याची जबाबदारी कुठल्याच हबवर सोडू नका, होम असिस्टंटवरसुद्धा नाही. वरच्या टाकीत आणि खालच्या टाकीत वायरचे फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारे) बसवा आणि दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या लाइनमध्ये सीरीजमध्ये घ्या. वरची भरली किंवा खालची रिकामी झाली की सर्किट तुटतं, हब जिवंत असो वा नसो. शिवाय मॉड्यूलच्याच सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची वेळ असेल तर टाकी भरायला जेवढा वेळ लागतो त्याहून दहा मिनिटं जास्त ठेवा. ही वेळ मॉड्यूलच्या आत मोजली जाते, म्हणून मधेच हब लटकला तरी मोटार बंद होते.

दांडियाबाजारकर

मोटार १० अँपिअरच्या मॉड्यूलवरच आहे. वायरमनला उद्याच बोलावतो. शेवटचं विचारतो: बाहेरून घर बघायला राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडावा का?

मेशवाला

उघडू नका. बऱ्याच फायबरवाल्यांकडे स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही; आणि मिळत असेल तर घर जगासमोर उघडं पडतं. टेलस्केल (तुमच्याच उपकरणांमध्ये सुरक्षित खाजगी जोडणी करणारं अ‍ॅप) टाका, मिनी पीसीवर आणि घरातल्या प्रत्येक फोनवर.

रोजचा बॅकअप चालू करा आणि तो मिनी पीसीच्या बाहेर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर जाऊ द्या. बॅकअप कुलूपबंद असतो. त्याची किल्ली कागदावर छापून वीजबिलांच्या फाइलीत ठेवा. झिग्बी-टू-एमक्यूटीटीच्या फोल्डरमधल्या कॉन्फिगरेशन आणि कोऑर्डिनेटर-बॅकअप (कोऑर्डिनेटर म्हणजे डोंगल) या फाइलीही त्यात येतात का ते बघा. त्या असल्या तर डोंगल जळालं तरी त्याच चिपचं नवं लावून जाळं परत उभं राहतं, ३१ उपकरणं पुन्हा जोडावी लागत नाहीत.