मदत हवी आहे: सोपमधले ४५ अर्ज कसे वाटावेत?

यंदा मॅच (अमेरिकेत डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, जागा देणारी मुख्य प्रक्रिया) झाली नाहीच, तर उरलेल्या जागांसाठी सोपची, म्हणजे त्या भरणाऱ्या पुरवणी प्रक्रियेची, तयारी आधीच करून ठेवायची आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना रेसिडेन्सीसाठी लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट हातात आहे. मॅचच्या आठवड्यात सोमवारी उरलेल्या जागांची यादी उघडल्यावर विचार करायला वेळच उरत नाही, म्हणून आत्ताच विचारते.

अर्ज एकूण ४५. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि प्रिलिमिनरी सर्जरी अशी वाटणी करावी, की बहुतेक सगळे एकाच शाखेत टाकावेत? प्रिलिमिनरी म्हणजे एकाच वर्षाची जागा, पुढच्या वर्षी पुन्हा तीच धावपळ. त्यामुळे तिथे दहाच्या वर अर्ज घालवू नयेत असं माझं मत आहे. चूक असेल तर सांगा.

तिन्ही शाखांची पर्सनल स्टेटमेंट वेगळी लिहिली आहेत. फाइलच्या नावातच शाखा घातली आहे: ‘एफएम-सोप’, ‘आयएम-सोप’. घाईत चुकीचं स्टेटमेंट जोडलं गेलं तर तो अर्ज वायाच. शिफारसपत्रं एका प्रोग्रॅमला (म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या एका संस्थेला) चारच जोडता येतात. फॅमिली मेडिसिनसाठी सर्जनचं पत्र ठेवावं का?

आपण स्वतःहून प्रोग्रॅमला फोन-ईमेल करायचा नाही, ओळखीतून कुणाला करायला लावायचा नाही, हे पक्कं माहीत आहे. पण त्यांचा फोन आला, तर पहिल्या दोन मिनिटांत नेमकं काय विचारतात?

त्याच आठवड्यात गुरुवारी ऑफर आली तर उत्तराला दोनच तास. नाकारली तर तो प्रोग्रॅम पुन्हा विचारत नाही. ऑफरच्या पहिल्याच फेरीत प्रिलिमिनरी आली तर घ्यावी की थांबावं? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहा.