हिट की एरर? शालेय सामन्यांत स्कोअररनं नेमकं काय बघायचं?

खानापूरकर
तालुका पातळीच्या बेसबॉल सामन्यांत तीन प्रसंगांवरून कोच भांडायलेत. मैदान आपलं तांबड्या मातीचं, पावसानं खडे वर आलेले.
१) शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे) सरळ जाणारा चेंडू खड्याला लागून खांद्याच्या वर उडाला, बॅटर पहिल्या बेसवर सेफ.
२) उंच चेंडू दोन फिल्डरांच्या मध्ये पडला, कुणाचाच हात लागला नाही.
३) डबल प्लेत (एकाच फटक्यावर दोन आउट करताना) दुसऱ्या बेसवर आउट मिळाला, पण पुढचा थ्रो पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला.
एरर (फिल्डरच्या नावावर चूक) कुठं द्यायचा?

तिसरा_बेस
त्याच पातळीवरचा, त्या जागेवर खेळणारा सर्वसाधारण फिल्डर नेहमीच्या प्रयत्नात हा आउट करेल का, एवढंच विचारायचं. मैदान आणि हवा धरूनच. टीव्हीवरचा शॉर्टस्टॉप मापाला लावला तर आपल्या पोरांवर अन्याय होतो बघा.

१) हिट, म्हणजे बॅटरनं फटक्यावर कमावलेला बेस. उसळी अनपेक्षित होती, आणि शंका असेल तिथं कौल बॅटरकडे. उसळी साधी असून चेंडू ग्लोव्हमधून निसटला तर मात्र ई-६ (शॉर्टस्टॉपवर एरर, ६ हा त्याच्या जागेचा आकडा).

२) ‘हात लागला नाही म्हणून एरर नाही’ हा समज चुकीचा. सहज झेल होता तर न शिवताही एरर. पायांमधून गेलेल्या ग्राउंडरलाही (जमिनीवरून आलेल्या चेंडूलाही) तेच. दोघांनाही जोरात पळत यावं लागलं असेल तर हिट.

३) डबल प्ले होणारच होता असं स्कोअररनं गृहीत धरायचं नाही. थ्रो चुकला तरी कुणी जादा बेस घेतला नसेल तर एरर नाही. बॅटर त्या थ्रोमुळं दुसऱ्या बेसवर गेला तर टाकणाऱ्यावर एक एरर. पण थ्रो नीट असून पहिल्या बेसवाल्यानं सोडला तर एरर त्याच्यावर, आणि टाकणाऱ्याला असिस्ट (हातभाराची नोंद). इथंच बहुतेक शीटं चुकतात.

निपाणी_कॅचर
पिचचंही (पिचरनं बॅटरकडे टाकलेल्या चेंडूचंही) लिहून ठेवा. बॅटरजवळच्या होम प्लेटच्या आधी जमिनीला लागलेला पिच त्याच्यामागच्या कॅचरला आवरला नाही आणि रनर पुढे गेला, तर वाइल्ड पिच. नेहमीच्या प्रयत्नात धरता येणारा सुटला, तर पास्ड बॉल. दोन्ही एररच्या रकान्यात जात नाहीत. वाइल्ड पिचवर आलेला रन पिचरच्या खात्यात अर्न्ड (त्याच्या जबाबदारीचा) धरतात, पास्ड बॉलमुळं आलेला धरत नाहीत. त्यामुळं हा फरक सोडून चालत नाही.

खानापूरकर
आणि बंट (बॅट नुसती लावून जवळच पाडलेला चेंडू)? पहिल्या बेसवर रनर. पिचरनं बंट उचलून दुसऱ्या बेसवर टाकला, दोघंही सेफ.

तिसरा_बेस
पहिल्या बेसवर टाकला असता तर बॅटर नेहमीच्या प्रयत्नात आउट झाला असता का? हो, तर सॅक्रिफाइस (रनर पुढे जावा म्हणून बॅटरनं दिलेला बळी) आणि फिल्डर्स चॉइस (फिल्डरनं बॅटर सोडून दुसऱ्या रनरला आउट करायला बघितलं), अॅट-बॅट (बॅटरची हिशेबात धरायची पाळी) मोजायचा नाही. नाही, तर हिट. नुसता चेंडू उचलायला उशीर झाला, हातातून निसटला नाही, तर तो एरर नव्हे. सेफ-आउट अंपायर ठरवेल, त्यात स्कोअररनं पडायचं नाही.

शीट देण्याआधी ताळा करा: अॅट-बॅट, वॉक (चार बॉलवर फुकट मिळालेला बेस), पिच लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस आणि अडथळ्यामुळं मिळालेले बेस यांची बेरीज = त्या संघाचे रन + बेसवर उरलेले + समोरच्या संघाचे पुटआउट (त्यांनी केलेले आउट). उदाहरणार्थ ७ पूर्ण डाव: २४+४+१+१+० = ३०, दुसरीकडे ५+४+२१ = ३०. जमलं नाही तर आधी एररवर पोचलेले बॅटर तपासा. त्यांचा अॅट-बॅट धरायचा राहून गेलेला असतो.