रिटुक्सिमॅबच्या आधी लसी कशा बसवायच्या? (मदत हवी आहे)

पानगळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच स्वतःसाठी धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४६. आमवाताचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. आठवड्यातून एकदा १५ मिग्रॅ मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि गेले चार महिने रोज ७.५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड). मध्यंतरी टीएनएफ (सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणारं एक इंजेक्शन दीड वर्ष घेतलं. सुरुवातीला छान गुण आला, मग हळूहळू ओसरला. आता डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं सलाईनमधून द्यायचं औषध, ठरवलंय. पहिलं सलाईन तीन आठवड्यांनी.

मागच्या भेटीत मी उठता उठता ते म्हणाले, "त्याआधी लसी उरकून घ्या." चिठ्ठीवर तीन नावं: फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), नागीण. शिवाय कावीळ बीच्या दोन रक्ततपासण्या. दारात पुढचा पेशंट उभा होता, मी मान डोलावली आणि घरी येऊन डोक्याला हात लावला. प्रश्न तिथल्या तिथे सुचतील तर शपथ.

एरवी मी मुकाट्याने टोचून घेतलं असतं. पण माझ्या ताईला ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), मूत्रपिंडावर आलेला, आणि तीही रिटुक्सिमॅबवर आहे. २०२१ मध्ये सलाईननंतर तीन आठवड्यांनी तिने कोविडची लस घेतली आणि महिनाभराने हौसेने अँटिबॉडी तपासल्या. रिपोर्ट जवळजवळ शून्य! तेव्हापासून तिने कुठलीच लस घेतलेली नाही. "आपल्या अंगात लागतच नाही गं, उगाच दंड दुखवून घ्यायचा," असं तिचं म्हणणं. यावरून आमचं दोनदा कडाक्याचं वाजलंय.

तर प्रश्न असे:

तीन आठवड्यांत या तिन्ही लसी बसतात का, आणि एकाच दिवशी घेतलेल्या चालतात का? लसीसाठी मेथोट्रेक्सेट थांबवायचं असतं असं कुठेसं वाचलं, ते खरं का? लसीने सांधे उसळतात का? (ही भीती सगळ्यात मोठी, आत्ताच सकाळी मूठ वळत नाही.) आणि वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं आहे, त्याला तोंडावाटे डोस द्यायचेत. मी त्याच्यापासून लांब राहायचं का?

डॉक्टरांना विचारणारच आहे, भेट पुढच्या आठवड्यात आहे. तिथे नेमकं काय विचारायचं तेवढं कळलं तरी पुष्कळ.

सावळागोंधळ

माझ्या मेव्हण्यांना फ्लूच्या लशीनंतर चौथ्या दिवशी गुडघा टम्म सुजला होता. पुढे त्यांनी नादच सोडला. घाबरवत नाहीये, फक्त अनुभव सांगतोय.

कोपरखळी

एक बाळबोध शंका. या आजारांत प्रतिकारशक्ती जास्त झालेली असते ना? म्हणून तर ती दाबायची औषधं. मग लस देऊन ती पुन्हा वाढवायची, हे आगीत तेल नाही का?

अर्धविराम

पानगळ, मी प्रतिकारशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे हे सगळं डॉक्टरांपुढे ठेवायचे मुद्दे समजा, सल्ला नव्हे.

आधी कोपरखळी यांचं. आमवातात प्रतिकारशक्ती "जास्त" नसते, ती चुकीच्या पत्त्यावर जाते. सांध्याच्या अस्तरावर तुटून पडणाऱ्या पेशी न्यूमोनियाच्या जंतूपुढे तशाच पराक्रमी असतात असं अजिबात नाही. उलट ल्युपस आणि आमवातात जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा अधिक, थोडा आजारामुळे आणि बराचसा औषधांमुळे. लस एका ठरावीक जंतूची ओळख करून देते, सरसकट सगळी यंत्रणा चेतवत नाही.

आता ताईचा रिपोर्ट, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्यात आहे.

लस टोचली की तिथल्या काही पेशी लशीचे तुकडे उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात. तिथे मदतनीस टी पेशी तपासणी करतात आणि योग्य त्या बी पेशींना (अँटिबॉडी ज्यांच्यापासून येतात त्या) होकार देतात. मग त्या बी पेशी झपाट्याने विभागू लागतात. पुढचे काही आठवडे त्या ग्रंथीत नुसती धामधूम. त्यातून काही प्लाझ्मा पेशी तयार होऊन अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून फिरत राहतात.

रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी नाहीशा करतं. त्या परत यायला साधारण सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्त. ताईने लस घेतली तेव्हा होकार घेणारं कुणी घरातच नव्हतं! अँटिबॉडी येणार कुठून? पण प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतो. म्हणून लहानपणापासून जमलेल्या जुन्या अँटिबॉडी बऱ्याच अंशी टिकतात. आणि टी पेशींना हे औषध थेट हात लावत नाही. कोविडच्या काळातच दिसलं की रिटुक्सिमॅबवरच्या अनेकांच्या अँटिबॉडी शून्य असूनही टी पेशी लशीला ओळखत होत्या. ताईच्या रिपोर्टने ते मोजलंच नव्हतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीने संरक्षण मिळालं की नाही हे ठरवायला अँटिबॉडी चाचणी वापरू नका. ताईला लस "लागत नाही" असं नाही, तिची वेळ चुकली.

म्हणून तुमचे डॉक्टर "त्याआधी" म्हणाले. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे यूलारचा, २०१९ चा सल्ला: बी पेशी घालवणाऱ्या उपचाराच्या निदान चार आठवडे आधी लस, किंवा मागच्या डोसनंतर सहा महिन्यांनी. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत लस आणि पुढचं रिटुक्सिमॅब यांत दोन आठवडे सोडायला सांगितलंय. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा: सलाईन थोडं पुढे ढकलता येईल का?

पानगळ

अर्धविराम, ताईला हे जसंच्या तसं पाठवलं. "घरातच नव्हतं" वाचून हसली, एवढंच. पण हसली!

मेथोट्रेक्सेटचं काय?

अर्धविराम

हो, ते राहिलं. सगळी औषधं लशीच्या आड सारखी येत नाहीत, हे आधी घ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन फारसं काही बिघडवत नाहीत. टीएनएफवाली थोडंसं. अ‍ॅबॅटासेप्ट टी पेशींच्या त्या होकारातच खोडा घालतं, मायकोफेनोलेट विभागणाऱ्या पेशींना रोखतं, ही दोन्ही बऱ्यापैकी नडतात. मेथोट्रेक्सेटचा फटका मधला, पण खरा.

दक्षिण कोरियात आमवाताच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. एका गटाने फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं, दुसऱ्याने चालू ठेवलं. समाधानकारक प्रतिसाद थांबवलेल्यांत ७५.५ टक्के लोकांना, चालू ठेवलेल्यांत ५४.५ टक्के. मग ब्रिटनमध्ये कोविडच्या बूस्टरबाबत तसंच केलं, २५४ रुग्ण, २०२२ मध्ये प्रसिद्ध. चार आठवड्यांनी अँटिबॉडीची पातळी जवळपास दुप्पट. मात्र थांबवलेल्या गटात सांधे उसळल्याच्या तक्रारीही जास्त होत्या. फुकट काही नाही.

अमेरिकन मार्गदर्शिका यातून जे काढते ते असं: आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवा, म्हणजे दोन डोस बुडवा. इतर निर्जीव लशींसाठी थांबवू नका. "आजार आटोक्यात असेल तर" हे शब्द सोडू नका. तुमची मूठ वळत नाहीये, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच. स्वतःहून गोळ्या बंद करू नका, प्लीज. लशीच्या आधी थांबवून उपयोग नसतो, हेही जाता जाता.

प्रेडनिसोलोन १० मिग्रॅच्या आत आहे, त्याने कुठलीही निर्जीव लस अडत नाही. २० किंवा त्याहून जास्त असतं तर फ्लू सोडून बाकीच्या लसी डोस उतरेपर्यंत थांबवल्या असत्या.

मुक्कामपोस्ट

उसळण्याबद्दल मी लिहितो. आमवात १४ वर्षं, टोफासिटिनिबवर (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) तीन. हे औषध सुरू झालं आणि आठव्या महिन्यात नागीण निघाली, छातीच्या उजव्या बाजूला पट्टा. पुरळ तीन आठवड्यांत गेलं, आग सहा महिने राहिली. शर्ट घालवत नसे. या जातीच्या औषधांनी नागिणीची शक्यता वाढते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर रांगेत पहिला उभा राहिलो असतो.

नंतर लस घेतली. दोन डोस. दंड दोन दिवस असा दुखला की कूस बदलता येईना, रात्री कणकण, अंग मोडून आलेलं. मला वाटलं, झालं, आता सांधे. तिसऱ्या दिवशी सगळं गायब. सावळागोंधळ, मेव्हण्यांचा गुडघा लशीने सुजला की त्याच आठवड्यात सुजायचाच होता, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण लशीनंतरची दोन दिवसांची अंगदुखी आणि आजाराची उसळी यांत गल्लत फार होते.

सावळागोंधळ

मान्य. मेव्हण्यांना तसंही दर पावसाळ्यात गुडघा सुजतोच.

अर्धविराम

मुक्कामपोस्ट +१. आकडा हवा असेल तर यूलारच्या कोविड लस नोंदवहीत संधिवाताच्या गटातल्या ५००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या, त्यांत उसळी ४.४ टक्के आणि तीव्र उसळी ०.६ टक्के. खुद्द जंतुसंसर्गाने आजार उसळतो तो हिशेब वेगळाच.

नागिणीची ही नवी लस जिवंत नाही, विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आहे, सोबत प्रतिसाद वाढवणारा मसाला. त्या मसाल्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात, दंड दुखतो त्याला बहुधा हा जोरकस मसालाच जबाबदार. जुनी नागिणीची लस मात्र जिवंत विषाणूची होती, म्हणून चिठ्ठीवरचं नाव नीट वाचून घ्या. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर, बीसीजी, नाकात फवारायची फ्लूची लस, तोंडावाटे पोलिओ, तोंडावाटे विषमज्वर या सगळ्या जिवंत. रिटुक्सिमॅबवर असताना त्या नाहीत.

न्यूमोकोकलमध्ये जंतूच्या २० प्रकारांची लस मिळाली तर एका टोच्यात काम होतं. १३ प्रकारांची मिळाली तर निदान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची दुसरी, तेव्हा कोणती लिहिली आहे ते विचारा. फ्लू आणि न्यूमोकोकल एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांत चालतात.

कावीळ बीच्या तपासण्या टाळू नका. विषाणू पूर्वी येऊन यकृतात दडून बसलेला असेल तर रिटुक्सिमॅबने तो पुन्हा उफाळतो, आणि ते जिवावर बेततं. माझ्या मते चिठ्ठीवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

बाळाबद्दल: त्याच्या लसी अजिबात अडवू नका, घरातले सगळे लस घेतलेले असणं हे तुमच्यासाठीच संरक्षण आहे. रोटाव्हायरसच्या (जुलाबाच्या विषाणूवरच्या, तोंडावाटे) डोसनंतर चार आठवडे त्याचे लंगोट तुम्ही बदलू नका, एवढं पाळा. पोलिओ तोंडावाटे द्यायचा असेल तर घरात तुमच्यासारखी व्यक्ती आहे हे वहिनींनी बाळाच्या डॉक्टरांना सांगावं, इंजेक्शनचा पर्याय असतो. मांडीवर खुशाल घ्या.

पानगळ

मंडळी, काल भेट झाली. या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि चक्क खुर्ची मागे सरकवून बसले.

सलाईन तीनऐवजी सहा आठवड्यांवर नेलंय. तोवर प्रेडनिसोलोन ७.५ च चालू. नागिणीचा पहिला डोस काल तिथेच घेतला, दुसरा चार आठवड्यांनी, मग दोन आठवडे थांबून सलाईन. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना दुसरा डोस एक ते दोन महिन्यांत देता येतो, म्हणून हे बसलं. फ्लू आणि न्यूमोकोकल (२० वालीच आहे) येत्या शनिवारी, म्हणजे ताप आलाच तर कशाचा ते कळेल. मेथोट्रेक्सेट थांबवायचं नाही म्हणाले. सांधे इतके सुजलेले असताना दोन डोस बुडवणं परवडणार नाही, फ्लूचा प्रतिसाद थोडा कमी मिळाला तरी चालेल. कावीळ बीच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. दंड आज भयंकर दुखतोय, मुक्कामपोस्ट, तुमची आठवण काढली.

आणि लंगोटाचं ऐकून वहिनी म्हणाली, "बरी सुटलात ताई."

आता शेवटचं. रात्री आमच्या ताईचा मेसेज आला, नुसती तारीख. तिचं पुढचं सलाईन अडीच महिन्यांनी आहे, मागचं होऊन साडेतीन महिने झालेत. अर्धविराम, तिचं गणित कसं मांडायचं?

अर्धविराम

फ्लूची लस आत्ताच घ्यायला हरकत नाही, साथ बी पेशींची वाट बघत नाही. बाकीच्या लसी सलाईनची तारीख येईल तेव्हा घ्यायच्या, आणि सलाईन त्यानंतर दोन आठवड्यांनी. पण मूत्रपिंडाचा ल्युपस असताना ते दोन आठवडे थांबता येईल का, हे लघवीतली प्रथिनं बघून तिचे डॉक्टरच ठरवतील. ताज्या रिपोर्टसकट तारीख गाठण्याच्या महिनाभर आधीच विचारायला सांगा.