बाईंच्या स्मरणिकेत संघातली वर्षं कशी लिहावीत?

प्रश्न · राजारामपुरी_सातवी_गल्ली

कोल्हापुरात तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. माजी विद्यार्थी ६४ पानी स्मरणिका काढताहेत. प्राध्यापक होण्याआधी बाई कॅथलिक संघात, म्हणजे नन्सच्या धार्मिक संस्थेत, सिस्टर होत्या. अंतिम व्रतांनंतर (म्हणजे आयुष्यभरासाठी घेतलेल्या व्रतांनंतर), १९६० च्या दशकाच्या शेवटी त्या बाहेर पडल्या. काहींना हा भाग गाळायचाय, तर काहींना ‘धर्म सोडून शिक्षणाकडे’ असा मथळा हवाय.

हाताशी तीन गोष्टी आहेत. पुणे विद्यापीठाची पदवी, त्यावर वेगळंच नाव. पांढऱ्या शिरोवस्त्रातला फोटो, मागे पेन्सिलीनं फक्त साल. आणि एक इंग्रजी पत्र, त्यात ‘सेक्युलरायझेशन’ हा शब्द. हे सगळं कसं वाचायचं?

उत्तर · वसईचा_वाचक

तो मथळा आधी काढा. त्यांनी संघ सोडला, धर्म नाही. बाहेर पडलेली सिस्टर कॅथलिकच राहते, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, तिथं कम्युनियनचा प्रसाद घेते, लग्नही करू शकते. या दोन गोष्टींची गल्लत छापून गेली तर बाईंवर अन्याय होईल.

पत्रातल्या त्या शब्दाचा निधर्मीपणाशी काही संबंध नाही. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत चर्चमध्ये १९१७ ची कायदासंहिता लागू होती. तिच्यात संघातून कायमचं बाहेर पडण्याच्या परवानगीला हेच नाव होतं. ठरावीक मुदतीपुरतं बाहेर राहायच्या परवानगीचं नाव वेगळं, एक्सक्लॉस्ट्रेशन. संघ पोपच्या मान्यतेचा असेल तर कायमची परवानगी रोमहून यायची, धर्मप्रांताच्या पातळीवरचा असेल तर बिशपही देऊ शकायचे. पत्रावर शिक्का कुणाचा आहे ते बघा, संघ कोणत्या प्रकारचा होता याचा त्यावरून अंदाज येईल. ही परवानगी मागून घ्यायची असते. म्हणून ‘काढून टाकलं’ किंवा ‘पळून आल्या’ असं कुणी लेखात लिहिलं असेल तर ते सरळ चूक आहे.

साल जुळवायला हिशेब असा. त्या काळी उमेदवारी साधारण सहा महिने, मग नोव्हिशिएट (व्रतांआधीचा प्रशिक्षणाचा काळ) किमान एक सलग वर्ष (काही संघांत दोन), मग तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं, त्यानंतर अंतिम व्रतं. म्हणजे प्रवेशापासून अंतिम व्रतांपर्यंत साडेचार वर्षांच्या आत काम होत नाही. तुमच्या मजकुरात दोन-तीन वर्षंच दिसत असतील तर एखादं साल चुकलंय.

फोटोखाली ‘व्रतग्रहण’ लिहू नका. बऱ्याच संघांत पांढरं शिरोवस्त्र नोव्हिसचं, म्हणजे नोव्हिशिएटमधल्या मुलीचं, असतं, व्रतांनंतर रंग बदलतो. पण उष्ण प्रदेशात काही संघ सगळ्यांनाच पांढरं देत. तेव्हा संघाच्या प्रांतिक कार्यालयाला फोटोची प्रत पाठवून विचारा. प्रवेश आणि व्रतांच्या तारखा त्यांच्या नोंदवहीत असतात. बाहेर पडण्याचं कारण मात्र विचारू नका. ते बाईंनी लिहून ठेवलं नसेल तर ते त्यांच्याजवळच राहू द्या.

उत्तर · सेवापुस्तिका

नावाचं कोडं बहुधा साधं आहे. नोव्हिशिएटमध्ये जाताना नवं नाव मिळायचं, त्याआधी मिळवलेली पदवी बाप्तिस्म्याच्या नावावर असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) अनेक सिस्टर जुन्या नावाकडे परतल्या, त्यामुळे एकाच बाईंची कागदपत्रं दोन नावांनी सापडतात. चरित्रात पहिल्यांदा दोन्ही नावं द्या, पुढे वर्गात जे चालायचं तेच ठेवा.

पदवी पुण्याची म्हणून बाई पुण्यात शिकल्या असं धरू नका. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याआधी कोल्हापूरची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती.

नोकरीच्या तारखा आठवणींवर सोडू नका. कॉलेजच्या ऑफिसात सेवापुस्तिकेचं पहिलं पान मागा. जन्मतारीख, पात्रता, रुजू झाल्याची तारीख तिथं एकत्र मिळते. आधी संघाच्या शाळेत शिकवलं असेल तर तो पगार दारिद्र्याच्या व्रतामुळे संघाकडे जायचा. ‘विनावेतन सेवा’ लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

आणि शिकवणं दिसू दे. ‘विद्यार्थिप्रिय’ वगैरे विशेषणं चार पानं भरतात आणि त्यातून काही कळत नाही. त्यांनी तपासलेली एखादी ट्युटोरियलची वही मिळवा, समासातल्या लाल शेऱ्यासकट एक पान स्कॅन करून पूर्ण पानभर छापा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

वही आहे! ‘हे कुणी म्हटलं? कधी?’ असं जवळजवळ प्रत्येक पानावर लिहिलंय. छपाईचं आणि वर्षश्राद्धाच्या जाहिरातीचंही सांगा.

उत्तर · खिळे_ते_ऑफसेट

वर्षश्राद्ध नव्हे, ‘प्रथम स्मृतिदिन’ म्हणा. ‘कै.’ ऐवजी ‘दिवंगत’ किंवा ख्रिस्ती कुटुंबांत चालतं ते ‘ख्रिस्तवासी’ वापरा, घरच्यांना विचारून. आपल्याकडे निधनाच्या बातमीच्या शेवटी सवयीनं ‘रक्षाविसर्जन सकाळी’ टाकलं जातं. दफन झालेलं असताना जुन्या मजकुरात तेच राहून जातं, म्हणून प्रूफ स्वतः वाचा.

६४ पानं म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं म्हणजे फर्मा), हिशेब बरोबर आहे. ६६ केलीत तर दोन पानांसाठी कागद आणि बांधणी दोन्ही वाढतात. आत ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद चालेल, पण वहीचं पान आणि फोटो यांचा फर्मा ९० च्या आर्ट पेपरवर (गुळगुळीत कागदावर) घ्या, नाहीतर लाल शाई मळकट येते. वही ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लेख युनिकोडमध्ये घ्या. डीटीपीवाला ते श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे रूपांतर झाल्यावर प्रूफ पुन्हा एकदा वाचावंच लागतं.

वसईचा_वाचक

वहीच्या पानासमोर संघातला फोटो ठेवा. ओळ एवढीच पुरे: ‘संघात असताना’, आणि पाठीमागचं साल.